उजव्या बाजूचा आरसा

आमच्या साडूंइतकी निष्ठेने काळजी करणारा माणूस मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्या बिचाऱ्याचं पुढे कसं होणार याची काळजी आमच्या साडूंनी आधीच करून ठेवलेली असेल. इतर लोक काहीतरी घडलं की काळजी करतात. साडूंना ते पटत नाही. त्यांच्या मते घडल्यावर करायची ती धावपळ. काळजी ही आधी करायची गोष्ट आहे, कोकणात पावसाळ्यापूर्वी लाकडं भरून ठेवतात तशी. त्यांचे वडील मालवणकडून मुंबईला गिरणीत आले, हे मुलुंडला वाढले आणि एका औषध कंपनीचं स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. माल संपण्याआधी माल संपेल म्हणून घाबरायचं, हेच तिथे त्यांचं काम होतं. हौस आणि नोकरी एक असलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत. निवृत्तीनंतर नोकरी गेली आणि नुसती हौस उरली, त्यामुळे तिला सगळा दिवस मोकळा मिळाला.

घराला कुलूप लावून खाली उतरल्यावर पुन्हा वर जाऊन ते ओढून बघणारे पुष्कळ असतात. साडू मोबाईल आल्यापासून कुलपाचा फोटो काढतात. पण गाडीत बसल्यावर त्यांना शंका येते, की हा फोटो आजचाच कशावरून? म्हणून हल्ली ते कुलपाशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो घेतात. वर्तमानपत्र धरायचं काम ताईंकडे, म्हणजे साडूंच्या बायकोकडे, माझ्या थोरल्या मेव्हणीकडे असतं. शेजाऱ्यांना सुरुवातीला वाटलं, यांनी घर विकायला काढलंय. त्यांच्याकडून आम्ही बोरिवलीला परत निघालो की मी लिफ्टमध्ये असतानाच फोन वाजतो. "पोचलास काय रे?" "अहो साडूभाऊ, मी अजून तुमच्याच बिल्डिंगमध्ये आहे." "मग ठीक आहे. मला वाटलं रस्त्यात असशील." मुलीच्या लग्नात जेवण कमी पडेल या धास्तीने ते पहिल्या पंगतीपासून उपाशी उभे राहिले, आणि शेवटी जेवण उरलं तेव्हा आता हे वाया जाणार म्हणून इतके जेवले, की पाठवणीच्या वेळी मुलीपेक्षा त्यांनाच आधार द्यावा लागला. मुलगी रडत होती आणि रडता रडता बाबांना ओवा खायला सांगत होती.

अशा माणसाने गाडी घ्यावी हेच मुळात नवल. पण घेतली, आणि तीसुद्धा जुनी. परदेशी चाललेल्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. गोल दिवे, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, साय धरलेल्या दुधासारखा रंग, आणि ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. त्या काळी डाव्या बाजूला आरसा लावायची पद्धत नव्हती. बाहेरचा आरसा एकच, उजव्या दाराला, स्टीलच्या मानेवर बसवलेला, गोल, लहान मुलाच्या चेहऱ्याएवढा. साडूंचा सगळा संसार त्या आरशावर चालायचा. "पुढचं तर दिसतंच रे," ते म्हणायचे, "त्याची काय काळजी करायची? मागून काय येतंय ते कळायला हवं." मान मात्र वळवायची नाही. मान वळली की गाडी वळते, असा त्यांचा सिद्धांत होता. सरळ पुढे बघत बसायचं आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून आरशावर एक नजर टाकायची, की मागचा सगळा रस्ता त्यांना पाठ.

एकदा आम्ही पवईमार्गे एका लग्नाला निघालो होतो. मागून रुग्णवाहिका आली. साडूंनी ती आमच्या कुणाच्याही आधी आरशात पाहिली, गाडी बाजूला घेतली, तिला वाट दिली. ती पुढे निघून गेली. इथे कुणाही सरळ माणसाचा संबंध संपतो. साडूंना मात्र आत कोण असेल, कसं असेल, याने राहवेना. ते तिच्या मागोमाग थेट हॉस्पिटलच्या दारात गेले आणि खाली उतरून "कसं आहे आता?" म्हणून विचारू लागले. पेशंटच्या मुलाला वाटलं हे गावाकडचे कुणी काका आले. तो यांच्या गळ्यात पडून रडायला लागला. आता आपण लग्नाला निघालोय असं त्याला कसं सांगणार? साडू तिथे बाकावर त्याच्याशेजारी बसून राहिले, मी सगळ्यांना चहा आणून दिला, ताईंनी जरीच्या साडीत कुणा अनोळखी आजींचे पाय चेपून दिले. पेशंट संध्याकाळी शुद्धीवर आला. लग्न अर्थातच आमच्याशिवाय लागलं.

गाडी घेतली त्या आठवड्यात साडूंनी तो आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि त्यानंतर त्याला कुणीही हात लावायचा नाही, असा कायदा झाला. गाडी धुणाऱ्याने आरशाला वगळून गाडी धुवायची. आरसा साडू स्वतः पुसणार, एका हाताने मागून आधार देऊन. सोसायटीच्या वॉचमनला भांग पाडायचा असला तर तो आरसा आपल्याकडे वळवत नसे; गुडघ्यात वाकून, मान तिरकी करून आपलंच डोकं आरशाच्या कलाने आणायचा. वर्षामागून वर्षं अशी गेली. आरसा त्या एकाच कोनात गंजून, मुरून बसला. साडूंची बसायची पद्धतही तशीच मुरली. गाडी आणि माणूस कुठे संपतात आणि कुठे सुरू होतात ते सांगता येईना.

मग गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेलीय, गेलेली परत येत नाही, आणि गाडी आजपासून बंद. ताईंनी मला फोनवर सगळं सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, कडेला काळोख दिसेल असं समजू नका. काळोख दिसला तर माणसाला कळतं तरी. जे दिसत नाही तिथे डोकं आपलं आपण काहीतरी भरून टाकतं, म्हणून यांना पत्ताच लागला नाही." मला वाटलं, आता साडू काळजीने अंथरूण धरणार. मी लगोलग मुलुंडला गेलो. तर साडू शांत. पाकिटातल्या डोळ्याच्या थेंबांची मुदत कधी संपते, औषधाच्या दुकानदाराने ते फ्रिजमध्ये ठेवले होते की नाही, माझ्या डोळ्यांची तपासणी कधी झाली, अशा सगळ्या काळज्या त्यांनी केल्या. स्वतःच्या डोळ्याबद्दल एक शब्द नाही. "डॉक्टर लोक घाबरवतात रे. मला सगळं दिसतंय," एवढंच. जगाची काळजी करणारा हा माणूस या एका ठिकाणी निर्धास्त होता, आणि त्यामुळे मी मात्र चांगलाच घाबरलो.

पवईला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने व्यवहारी तोडगा काढला. गोरेगावला शूटिंगसाठी जुन्या गाड्या भाड्याने देणारा एक माणूस तिच्या ओळखीचा होता. तो येऊन गाडी बघून गेला. बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "अंकल, बिनधास्त दे दो. इसमें हीरोइन बैठेगी." साडूंना त्या हिरॉइनचीच काळजी वाटली, कारण मागचं डावं दार कधीकधी आपोआप उघडतं. दसऱ्यापर्यंत काय ते सांगा, असं म्हणून तो गेला. त्या संध्याकाळी कुणालाही न विचारता ताई म्हणाल्या, "गाडी कुठे जायची नाही. मी चालवीन." साठीला टेकलेल्या, आयुष्यात सायकलही न चालवलेल्या आमच्या ताई. त्यांनी खरोखरच क्लास लावला, छोट्या नव्या गाडीवर लायसन्स काढलं आणि मुलीशी ठरवलं: दसऱ्याच्या आत ही आपली गाडी मुलुंडहून बोरिवलीला, माझ्या घरी, स्वतः चालवत नेऊन दाखवीन. नेली तर गाडी राहील, नाही तर गोरेगावला जाईल. साडू हे ऐकत होते. ते फक्त "तू?" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पहिल्या दिवशी ताई उशी घेऊन स्टिअरिंगसमोर बसल्या तेव्हा मी मागच्या सीटवर होतो. साडू बाहेर उभे. ताई उंचीने बेताच्या. "अहो, या आरशात मला नुसतं आभाळ दिसतंय." "आभाळ दिसतंय म्हणजे आरसा बरोबर आहे," साडू म्हणाले, "तू खाली बसल्येस." "मग मी काय उभी राहून चालवू?" असं म्हणत ताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि आरसा खाली वळवला. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच कुणी वळवत होतं. कर्रकन आवाज झाला, आणि आरशाने मान टाकली. तो जमिनीकडे बघायला लागला. साडू एकदम मालवणीत गेले, आणि ते मालवणीत गेले की प्रसंग गंभीर आहे असं समजायचं. "ह्या काय केलंस तू? आता काय करूचा?" ताई म्हणाल्या, "काय करूचा म्हणजे? नीट करूचा."

तिथून माझे रविवार संपले. मी एकदा त्यांच्या मिक्सरचं बटण बसवून दिलं होतं, त्यामुळे यंत्रांतलं मला कळतं असा त्या घरात समज आहे. "ये रे. येताना स्क्रूड्रायव्हर आण," साडू फोनवर म्हणाले. "तुमच्याकडे आहेत ना?" "आहेत. पण ऐनवेळी नसले तर?" आरसा उघडला तेव्हा भानगड सोपी वाटली. पाठीमागे सुपारीएवढा एक लोखंडी गोळा, तो एका वाटीत बसतो, आणि मागचा स्क्रू आवळला की वाटी गोळ्याला धरून ठेवते. आरसा हवा तिथे थांबतो. आमचा गोळा इतकी वर्षं गंजाने धरून ठेवला होता. गंज सुटला, वाटी सैल झाली आणि आरसा लटकला. गॅरेजवाल्याने एका नजरेत निकाल दिला, "अंकल, ये निकाल के फेक दो, प्लास्टिक का लगा देता हूँ." परत येताना रिक्षात साडू मला म्हणाले, "उद्या तो माझं नाक बघून म्हणेल, प्लास्टिकचं लावतो."

मग आम्ही कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. तिथे ट्रकचे आरसे होते, स्कूटरचे होते, आणि एका दुकानाच्या माळ्यावर अगदी आमच्यासारखा, गोल, स्टीलच्या मानेचा एक होता. मला हायसं वाटलं. साडूंनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि हळूच विचारलं, "ये किस गाड़ी का है? गाड़ी का क्या हुआ?" दुकानदार म्हणाला, "भंगार में आयी, और क्या." साडूंनी आरसा परत दिला. बाहेर आल्यावर मी कपाळाला हात लावला, तेव्हा म्हणाले, "अरे, त्याने शेवटी मागून काय येताना बघितलं असेल सांगता येतं का? आणि असला आरसा हिच्या बाजूला लावू?" यावर आम्ही उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो.

आता वाटीत काहीतरी घालून ती घट्ट करणं एवढंच हातात होतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. जुन्या चपलेचं चामडं घातलं. शेवटी ताईंनी कुकरची जुनी रिंग आणून दिली. तिचा तुकडा गोलात कापून बसवला तर काय झकास बसला. आरसा असा थांबला, की मी त्याला चापट मारून पाहिली तरी हलेना. ताईंच्या उंचीला लावून स्क्रू आवळला, सगळ्यांनी भजी खाल्ली, मी बोरिवलीला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "परत ढिला झाला रे." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. संध्याकाळी घट्ट, सकाळी सैल. साडूंकडे कारणांची कमी नव्हती. मेट्रोच्या कामाचे हादरे बसतात. कावळा आरशावर बसतो. वॉचमन रात्री भांग पाडतो. वॉचमन शपथेवर सांगत होता, "साब, मैंने हाथ भी नहीं लगाया," आणि मला ते खरं वाटत होतं, कारण त्याला वाकायची सवय झाली होती. आणि आरसा पक्का झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर न्यायची नाही, यावर साडू अडून बसले होते. ताई सोसायटीच्या आवारात पुढे-मागे, पुढे-मागे करत होत्या. दसरा जवळ येत होता. गोरेगाववाल्याचा फोन येऊन गेला होता.

एका शनिवारी मी मुक्कामालाच गेलो. स्वयंपाकघरात ताई पोळ्या लाटत होत्या. लाटता लाटता थांबल्या आणि म्हणाल्या, "मला गाडीचं काय करायचंय हो? माझ्या मैत्रिणी सगळ्या रिक्षाने फिरतात. पण गाडी गेली की हे घरात बसतील. आजवर बाहेर पडायचे, दुनियेची काळजी करायचे, कुणाला दवाखान्यात ने, कुणाला स्टेशनवर सोड. माणसांत असायचे. घरात बसले आणि फक्त स्वतःचीच काळजी करायला लागले, तर काय होईल त्यांचं? मला रात्री झोप लागत नाही." मी ताईंना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या घरात घाबरण्याचं खातं एकाच माणसाकडे होतं. मी "होईल सगळं ठीक" असं काहीतरी पुटपुटलो आणि पोळ्या मोडून खाऊ लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत गॅलरीत उभा होतो. साडू दुधाची पिशवी घेऊन गेटमधून आत आले. जिन्याकडे न वळता गाडीपाशी गेले. पिशवी टपावर ठेवली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, आरशाचा मागचा स्क्रू सैल केला, आरसा हळूच वर उचलून आपल्या जुन्या कोनात आणला. मग दार उघडून आत बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी सुरू केली नाही. नुसते समोरच्या भिंतीकडे बघत, मधूनच उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून आरशावर नजर टाकत, देवळात बसावं तसे बसून राहिले. मेट्रो नव्हती, कावळा नव्हता. मला आधी हसू आलं आणि मग ते कुठल्या कुठे गेलं. चूळ भरून मी खाली गेलो.

मला बघून ते ओशाळले. "काही नाही रे. तिच्या उंचीला लावायच्या आधी आपलं एकदा बघत होतो." "रोज?" मी विचारलं. ते म्हणाले, "आलाच आहेस तर जरा धर. मी सांगतो तिथे थांबव. आजचा दिवस. मग तिच्या उंचीला पक्का करून टाकू." मला नाही म्हणता आलं नाही. मी आरसा धरला. ते पुढे बघत, मान न वळवता सांगू लागले, "थोडा वर. किंचित बाहेर. बस, बस." मी दुसऱ्या हाताने स्क्रू पिळायला घेतला, तेवढ्यात रोजच्या सोडण्या-आवळण्याने झिजलेली ती कुकरची रिंग वाटीतून निसटली. माझ्या बोटांतून आरसा सुटला आणि आवाज न करता खाली लटकला. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर साडूंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलेलं. "झकास. आता हलवू नको. गेट दिसतंय, वॉचमनची खुर्ची दिसतेय, मागचा रस्ता पार वळणापर्यंत मोकळा आहे."

आरशात चाकाशेजारची फरशी होती. मी तसाच उभा राहिलो. साडूंनी शाबासकी दिल्यासारखा खिडकीतून हात बाहेर काढला, आरशाच्या पाठीवर ठेवायला. हात हवेत फिरला. मग खाली चाचपडला, काचेला लागला, आणि तिथेच थांबला. त्या दिवशी मी त्यांना गाडीत बसून मान वळवताना पहिल्यांदा पाहिलं. ते पूर्ण वळले आणि त्या लटकलेल्या आरशाकडे बघत राहिले.

"कधी पडला?"

"आत्ताच."

"मग मला दिसत होतं ते काय रे?"

ओठांवरचा घाम पुसायला त्यांना रुमाल सापडेना. ते म्हणाले, आणि आवाज अगदी बारीक होता, "म्हंजे डॉक्टरकडे जायच्या आधी कितीतरी दिवस मी असाच फिरवत होतो. मागून कोण आला असता तर? शाळेच्या मुलांना सोडलंय मी, पावसात. अरे, तुझी बायको बसायची मागे." ही काळजी त्यांनी आधी केलेली नव्हती. जन्मभराच्या सवयीच्या माणसाला ती एवढी जड गेली, की मला त्यांचा खांदा धरावासा वाटला. मी धरलासुद्धा. आमच्यात तशी पद्धत नाही, पण त्यांनी धरू दिला. शेवटी म्हणाले, "तिला खाली बोलव. आणि ती कुकरची रिंग उरली असली तर आण म्हणावं."

ताई मॅक्सीवर ओढणी टाकून खाली आल्या. आल्या त्या बडबडतच, दूध टपावर ठेवून काय करताय, तापलं ते. मग आम्हा दोघांची तोंडं बघून थांबल्या. साडू ड्रायव्हरच्या सीटवरून उतरले, उशी नीट ठेवली आणि "बस," म्हणाले. रिंगचा तुकडा त्यांनी स्वतः कापला, वाटीत दाबून बसवला. ताईंच्या डोळ्यांशी आरसा आणत विचारलं, "दिसतंय?" "दिसतंय." "काय दिसतंय?" "सगळं दिसतंय हो." "सगळं म्हणजे? एकेक सांग." ताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग आरशात बघून सावकाश सांगू लागल्या: गेट, गेटमध्ये पेपरवाला, त्याच्या मागे रस्ता, रस्त्यावर एक रिक्षा उलटी उभी आहे, पलीकडे कुणीतरी नारळ फोडतंय. साडू सांगितलेल्या एकेका गोष्टीला मान डोलावत होते आणि स्क्रू पिळत होते. इतका पिळला, की आता तो आरसा काढायचा तर दार कापावं लागेल.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी ताईंनी गाडी बोरिवलीला आणली. मी मागे बसलो होतो आणि सांगायला हरकत नाही, देवाचं नाव घेत होतो. साडू डावीकडच्या सीटवर, जिथे ते कधीच बसले नव्हते. जिथे ब्रेक नाही तिथे त्यांनी इतके ब्रेक दाबले, की पायाखालचं पायपुसणं गोळा होऊन सीटखाली गेलं. लिंक रोडवर एका डंपरने हॉर्न दिला तेव्हा ते डोळे मिटून "सांग, सांग," एवढंच म्हणाले, आणि ताईंनी सांगितलं, "मागे आहे, लांब आहे, त्याला जाऊ देते." त्याला जाऊ दिलं. आमच्या बिल्डिंगखाली गाडी थांबली तेव्हा साडूंचा शर्ट पाठीला चिकटला होता. मुलीने गोरेगाववाल्याला नाही म्हणून कळवलं.

आता ते दोघं दर पंधरा-वीस दिवसांनी येतात. मी मुलुंडहून निघालो की लिफ्टमधून उतरायच्या आत "पोचलास काय रे?" अजून येतं, पण साडू हल्ली जरा गप्प झालेत, वाळलेतही. डोळ्याचे थेंब वाढलेत. दुसऱ्या डोळ्याबद्दल डॉक्टर काही नक्की बोलत नाहीत आणि आम्हीही कुणी विचारत नाही. मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही.

परवा गाडी खाली येऊन थांबलेली खिडकीतून दिसली, पण बराच वेळ झाला तरी दोघं वर येईनात. मी बघायला खाली गेलो. इंजिन बंद होतं. ताई स्टिअरिंगवर हात ठेवून आरशात बघत होत्या, साडू शेजारी डोळे मिटून बसले होते.

"एक बाई आहे," ताई सांगत होत्या, "हातात दोन पिशव्या. रिक्षाला हात करतेय. नाही म्हणाला तो."

"मग ती जाणार कशी?"

"थांबा. दुसरी येतेय. हिने हात केला. थांबली."

"बसली?"

"पिशव्या ठेवतेय. हां, बसली."

"दोन्ही पिशव्या घेतल्या ना?"

"घेतल्या."

त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी तसाच मागे फिरलो, जिन्याने वर गेलो आणि बायकोला म्हटलं, चहा जरा उशिरा टाक.